किशोरांच्या स्वत्वविकासाची प्रश्नावली मराठीत आणताना : नव्या संशोधकांसाठी मार्गदर्शक

मानसशास्त्रात एम.ए. किंवा पीएच.डी. करणारे अनेक विद्यार्थी किशोरवयीन मुलांच्या स्वत्वविकासावर काम करायचे ठरवतात आणि पहिल्याच महिन्यात एका अडचणीपाशी येऊन थांबतात. या विषयावरच्या बहुतेक प्रश्नावल्या अमेरिकेत, बेल्जियममध्ये, नेदरलँड्समध्ये किंवा स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेल्या असतात आणि आपल्याला त्या भरून घ्यायच्या असतात साताऱ्यातल्या, बुलढाण्यातल्या किंवा सावंतवाडीतल्या शाळांमध्ये. यावरचा रुळलेला उपाय असा की, इंग्रजीच्या एखाद्या प्राध्यापकांकडून भाषांतर करून घ्यायचे, दुसऱ्या कोणाकडून त्याचे पुन्हा इंग्रजी करून घ्यायचे, दोनशे मुलांकडून ते भरून घेऊन क्रोनबाख अल्फा (विधाने आपसांत किती जुळतात हे सांगणारा आकडा) काढायचा आणि तो 0.70 च्या वर गेला की प्रबंधात ‘प्रमाणित मराठी आवृत्ती’ असे लिहून मोकळे व्हायचे. या पद्धतीने पदवी मिळते. परंतु आपण नेमके काय मोजले, हे त्यानंतरही कळलेले नसते. माझ्या मते भाषांतर हा या कामाचा लहान भाग आहे. विधान वाचल्यावर मुलगा किंवा मुलगी मनात नेमक्या कोणत्या गोष्टीला उत्तर देते, हे शोधणे हा मोठा भाग आहे आणि वेळापत्रक त्याच हिशेबाने आखले पाहिजे.

या लेखात मी ‘स्वत्व’ हा शब्द वापरला आहे. ‘अस्मिता’ म्हटले की आपल्याकडे भाषणे आणि मोर्चे आठवतात, तर ‘ओळख’ म्हटले की परिचय आणि ओळखपत्र. मुलांच्या हाती जाणाऱ्या विधानांमध्ये मात्र यांपैकी एकही शब्द येऊ नये.

पहिली पायरी : काय मोजायचे ते ठरवणे

एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये आणि पुढे 1968 मध्ये अधिक विस्ताराने असे मांडले की, किशोरवयाचे मुख्य काम ‘मी कोण आणि मला कुठे जायचे आहे’ याचा उलगडा करणे हे असते. जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये ही कल्पना मोजता येईल अशा रूपात आणली. पर्यायांचा शोध घेतला आहे का आणि निर्णयावर माणूस ठाम आहे का, या दोन कसोट्यांवर त्यांनी चार अवस्था सांगितल्या : शोधानंतर आलेला ठामपणा, शोध चालू पण ठामपणा नाही, शोधाशिवाय आलेला ठामपणा, आणि दोन्हींचा अभाव. हा अभ्यास अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलग्यांवर झाला होता. पुढच्या कितीतरी प्रश्नावल्या याच चौकटीतून निघाल्या असल्यामुळे ही बाब लक्षात ठेवलेली बरी.

आज उपलब्ध असलेल्या साधनांपैकी चार नवख्या संशोधकाला माहीत असावीत. बेनियन आणि ॲडम्स यांची 1986 ची ईओएम-ईआयएस-2 ही 64 विधानांची प्रश्नावली मार्सियांच्या चार अवस्था आठ क्षेत्रांत मोजते. व्यवसाय, धर्म, राजकारण आणि जीवनविषयक दृष्टिकोन ही त्यांपैकी चार, तर मैत्री, डेटिंग, स्त्री-पुरुष भूमिका आणि करमणूक ही उरलेली चार. लाइक्स आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडलेल्या डीआयडीएसमध्ये 25 विधाने असून ती पाच परिमाणांत विभागलेली आहेत : निर्णय घेणे, त्या निर्णयाशी एकरूप होणे, अनेक पर्याय चाचपणे, निवडलेल्या गोष्टीचा खोलात विचार करणे आणि तोच तो विचार मनात घोळवत अडकून पडणे. क्रोचेट्टी, रुबिनी आणि मेउस यांचे यू-मिक्स हेही 2008 चेच. त्यात प्रत्येक क्षेत्रासाठी 13 विधाने असतात आणि सामान्यतः शिक्षण व जवळची मैत्री ही दोन क्षेत्रे घेतली जातात. चौथे साधन म्हणजे गोथ, श्मेक आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेले आयडा. 12 ते 18 वयोगटासाठीच्या या प्रश्नावलीत 58 विधाने आहेत आणि तिचा रोख स्वत्व विसकटल्याची वैद्यकीय लक्षणे ओळखण्याकडे आहे.

नवख्याने शक्यतो यू-मिक्स किंवा डीआयडीएस यांपैकी एक निवडावे, असा माझा सल्ला आहे. विधाने थोडी आहेत, घटकरचना (कोणती विधाने मिळून कोणता घटक मोजतात) स्पष्ट आहे आणि अनेक देशांतील अनुभव हाताशी आहे. यू-मिक्सचा 2015 चा दहा राष्ट्रांतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरचा अभ्यास मुद्दाम वाचावा. इटली, पोलंड, तुर्कस्तान, जपान, तैवान अशा एकमेकांपासून दूरच्या समाजांत त्याच्या तीन घटकांची (ठामपणा, खोलात विचार आणि निर्णयाचा फेरविचार) रचना टिकते का, हे तेथे टप्प्याटप्प्याने तपासले आहे. याउलट ईओएम-ईआयएस-2 घेतली तर डेटिंगची आठ विधाने घेऊन आठवीच्या वर्गात जाण्याची परवानगी कोणतेही मुख्याध्यापक देणार नाहीत. ती विधाने वगळली तर उरलेल्या 56 विधानांची मूळ गुणांशी तुलना होणार नाही. आणि त्याऐवजी लग्नाबद्दल विचारले तर मोजली जाणारी गोष्टच बदलेल, कारण लग्न हा आपल्याकडे बहुतेक घरांत एकट्या मुलाने वा मुलीने करायचा शोध मानला जात नाही.

साधन निवडण्यापूर्वी एक काम करावे, जे बहुतेक जण करत नाहीत. आपल्या नमुन्यातील मुलांसारख्या मुलांचे तीन-चार छोटे गट घेऊन, तसेच काही शिक्षक व पालक यांना भेटून, ‘या मुलाला किंवा मुलीला आपले काय ते कळले आहे, असे तुम्ही कोणाबद्दल म्हणाल आणि का?’ एवढेच विचारावे आणि जे बोलले जाईल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दहावीनंतर कोणती शाखा, घरची जबाबदारी, शेतीत राहायचे की शहरात जायचे, जात आणि आडनाव यांमुळे आलेले अनुभव असे विषय त्यात येतील. मूळ प्रश्नावलीत त्यांतले काय आहे आणि काय नाही, याची यादी करावी. राजकारणासारखे क्षेत्र प्रश्नावलीत असूनही चौदा वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात अजिबात येत नसेल, तर त्याचीही नोंद हवी.

या टप्प्यावरचा सर्वांत अवघड प्रश्न ‘शोधाशिवाय आलेला ठामपणा’ या अवस्थेचा आहे. पाश्चात्त्य मांडणीत ती काहीशी अपरिपक्व समजली जाते. आईवडिलांनी ठरवले, मुलाने मान्य केले, म्हणजे मुलाने स्वतः विचार केलाच नाही, असा तिचा अर्थ लावला जातो. मार्कस आणि कितायामा यांनी 1991 मध्ये स्वतंत्र ‘मी’ आणि नात्यांत गुंतलेला ‘मी’ असा जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. कोल्हापुरातील एखादी मुलगी आई, काका आणि मोठी बहीण यांच्याशी वर्षभर चर्चा करून नर्सिंगचा निर्णय घेते, तेव्हा शोध झालेला असतो; तो एकटीने केलेला नसतो, इतकेच. ‘घरच्यांनी सुचवले ते मी निवडले’ अशा विधानाला तिने होकार दिला म्हणून तिला मार्सियांच्या तिसऱ्या खणात टाकणे अन्यायाचे होईल. म्हणून अशा विधानांसोबत, गुणांमध्ये न धरता, ‘हा निर्णय कोणाकोणाशी बोलून झाला?’ असा एक जोडप्रश्न स्वतंत्रपणे ठेवावा.

दुसरी पायरी : परवानग्या

मूळ लेखकांना ईमेल पाठवून लेखी परवानगी घ्यावी. प्रश्नावली इंटरनेटवर मोफत सापडली म्हणजे तिचे रूपांतर करण्याचा हक्क मिळाला, असे नव्हे. कोणी आधीच मराठी आवृत्ती करत आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे. आयडाच्या मूळ चमूने अन्य देशांतील आवृत्त्यांच्या कामात सक्रिय भाग घेतलेला आहे आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेक्सिकोतील आवृत्तीला भाषांतर न म्हणता संस्कृतीनुसार अनुकूलित आवृत्ती म्हटले आहे. असे लेखक तुमच्या बदलांवर मत देतात आणि ते मत फार उपयोगी पडते.

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता काम सुरू होण्याआधी हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 12 ते 18 वयाच्या मुलांची स्वतःची लेखी अनुमती आणि त्याखेरीज पालकांची संमती, अशा दोन्ही लागतात. ऑनलाइन फॉर्म वापरत असाल तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा वाचावा. त्यात 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. फॉर्ममध्ये ईमेल आपोआप नोंदवण्याची सोय चालू राहिलेली नाही ना, हे तपासावे. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि आश्रमशाळांसाठी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. यात सहज दोन महिने जातात; म्हणून अर्ज जूनमध्ये द्यावा, म्हणजे सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांच्या आत प्रायोगिक फेरी उरकता येते.

तिसरी पायरी : भाषांतर

किमान दोन व्यक्तींनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र भाषांतरे करावीत. एकाला मानसशास्त्राची जाण असावी. दुसरी व्यक्ती सातवी ते दहावीला मराठी शिकवणारी शिक्षिका असेल तर उत्तम, कारण त्या वयाची मुले काय बोलतात आणि काय फक्त वाचतात, यातला फरक तिला रोज दिसतो. त्यानंतर एक बैठक घेऊन दोन्ही मसुदे विधानागणिक समोरासमोर ठेवावेत, मतभेद मिटवावेत आणि प्रत्येक निर्णयाचे कारण तक्त्यात लिहावे : मूळ विधान, पहिला मसुदा, दुसरा मसुदा, स्वीकारलेले रूप, कारण. हा तक्ता कंटाळवाणा वाटतो, पण दोन वर्षांनी परीक्षक ‘येथे हाच शब्द का?’ असे विचारतात, तेव्हा तोच उपयोगी पडतो.

मराठीत काही अडचणी अशा आहेत की, त्या युरोपीय आवृत्त्यांच्या लेखांत वाचायला मिळणार नाहीत. पहिली लिंगाची. इंग्रजीत पहिल्या पुरुषी विधान मुलगा आणि मुलगी दोघांसाठी एकच असते. मराठीत ‘मी विचार करतो’ आणि ‘मी विचार करते’ ही दोन वाक्ये होतात. प्रत्येक ठिकाणी ‘करतो/करते’ लिहिले तर पान तिरप्या रेघांनी भरते आणि हळू वाचणारी मुले अडखळतात. मुलांसाठी व मुलींसाठी वेगळ्या पुस्तिका छापल्या तर या दोन्ही रूपांत न बसणाऱ्या मुलांची अडचण होतेच, शिवाय वर्गात वाटपाचा गोंधळ होतो. म्हणून बरेच जण ‘मला वाटते’, ‘माझ्या मनात येते’, ‘मला प्रश्न पडतो’ अशी लिंगनिरपेक्ष रचना वापरतात. ही युक्ती चांगली आहे, परंतु स्वत्वाच्या प्रश्नावलीत ती एका ठिकाणी घात करते. डीआयडीएसमध्ये खोलात विचार करणे आणि विचारांत अडकून पडणे हे दोन वेगळे घटक आहेत आणि त्यांतला भेद बराचसा कर्तेपणाचा आहे : एकात मूल विचार करते, दुसऱ्यात विचार मुलाची पाठ सोडत नाहीत. ‘मी माझ्या पुढच्या आयुष्याचा विचार करतो’ याचे ‘माझ्या मनात पुढच्या आयुष्याचे विचार येत राहतात’ असे रूपांतर झाले की, पहिल्या घटकातले विधान व्याकरणाच्या सोयीसाठी दुसऱ्या घटकात ढकलले जाते. नंतर घटक विश्लेषणात ते विधान भलत्याच ठिकाणी जाऊन बसले, की संशोधक ‘भारतीय संस्कृतीत हे दोन घटक वेगळे नाहीत’ असा मोठा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

यावर व्यवहार्य तोडगा असा : जेथे पूर्ण झालेली कृती सांगायची आहे, तेथे ‘मी ठरवले आहे’, ‘मी वेगवेगळ्या पर्यायांची माहिती काढली आहे’ अशी भूतकाळी रचना वापरावी, तिच्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, कर्त्याचे लिंग दिसत नाही आणि कर्तेपणही टिकते. जेथे भावना आहे, तेथे ‘मला वाटते’ ठीकच आहे. जेथे नेहमीची, जाणीवपूर्वक कृती आहे, तेथे मात्र ‘करतो/करते’ निमूटपणे स्वीकारावे. पंचवीस विधानांत अशी थोडीच निघतात.

दुसरी अडचण ‘नाही’ची. तो शब्द मराठीत वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे घाईने वाचणारे मूल होकारार्थी भाग वाचूनच खूण करते. ‘मला माझ्या निर्णयाची खात्री वाटत नाही’ या विधानापुढे ‘पटत नाही’ हा पर्याय आला की मोठी माणसेही गोंधळतात. ‘माझ्या निर्णयाबद्दल माझ्या मनात शंका आहे’ असे लिहिले की काम भागते.

उत्तरांच्या पर्यायांचेही तसेच. ‘पूर्णतः असहमत’ ही भाषा सरकारी सर्वेक्षणाची आहे. चौदा वर्षांचे मूल ‘पटते’ आणि ‘पटत नाही’ म्हणते. मूळ पर्याय सहमतीचे असतील तर ‘अजिबात पटत नाही’ ते ‘पूर्ण पटते’ अशी श्रेणी बरी. यू-मिक्सप्रमाणे ते खरे-खोटे या जातीचे असतील तर ‘माझ्याबाबतीत अगदी खरे’ असे लिहावे आणि ‘खोटे’ हा शब्द टाळून ‘माझ्याबाबतीत अजिबात खरे नाही’ असे म्हणावे, कारण ‘खोटे’ म्हटले की मुलांना लबाडी पकडल्यासारखे वाटते. मधल्या पर्यायाला ‘सांगता येत नाही’ असे कधीही म्हणू नये. तो श्रेणीवरचा मधला बिंदू आहे, अज्ञानाची कबुली नव्हे. ‘थोडे पटते, थोडे नाही’ हे त्याचे योग्य रूप.

शब्दांचे सापळे पुष्कळ आहेत, पण एकच जवळून पाहू. जीन फिनी यांनी 1992 मध्ये वांशिक स्वत्वासाठी 14 विधानांची प्रश्नावली मांडली आणि 2007 मध्ये तिची सहा विधानांची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात ‘माझा वांशिक गट’ अशी शब्दयोजना वारंवार येते. मराठीत वंश हा रोजच्या बोलण्यातला गट नाही, म्हणून भाषांतरकार साहजिकच ‘माझा समाज’ असे लिहितो. पुस्तकी मराठीत समाज म्हणजे सगळे लोक. बोलण्यात मात्र ‘आमच्या समाजात’, ‘समाजाचा मेळावा’, ‘समाजाची मुलगी’ म्हटले की जात कळते. एकाच वर्गात काही मुले पहिल्या अर्थाने आणि काही दुसऱ्या अर्थाने उत्तरे देतील आणि कोणी कोणत्या अर्थाने दिले, हे आकड्यांत कुठेही दिसणार नाही. संशोधकाला जातीविषयीच विचारायचे असेल तर तसे स्पष्ट ठरवून, नैतिकता समितीला सांगून आणि वर्गात कोणाचे उत्तर कोणाला दिसणार नाही अशी व्यवस्था करून विचारावे. भाषा, प्रांत किंवा धर्म अभिप्रेत असेल तर तोच शब्द वापरावा. अध्याहृत ठेवू नये.

‘पेरेंट्स’साठी ‘पालक’ हा शाळेच्या सूचनापत्रातला शब्द झाला. मुले ‘आई-बाबा’ किंवा ‘घरचे’ म्हणतात. ‘घरचे’ म्हटले की आजी, काका, मोठा भाऊही त्यात आले, आणि एकत्र कुटुंबातील मुलांसाठी तेच अधिक खरे असेल. मात्र अर्थ असा विस्तारला की तक्त्यात त्याची नोंद हवी. इंग्रजी शब्दांबद्दल अकारण सोवळे पाळू नये. मुले ‘करिअर’ आणि ‘बेस्ट फ्रेंड’ म्हणतात. तेथे ‘कारकीर्द’ लिहून आपण त्यांना परक्या मराठीत नेतो.

चौथी पायरी : उलट भाषांतर

ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये उलट भाषांतराची पद्धत मांडली आणि ती आजही सर्वत्र अपेक्षित असते. ती जरूर करावी. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीकडून करावी आणि तिचा निकाल मूळ लेखकांना पाठवावा, कारण त्यांना मराठी येत नाही आणि आपले काम पाहण्याची त्यांच्याजवळ ती एकच खिडकी असते. परंतु तिच्यावर विसंबू नये. यू-मिक्समधल्या एका विधानाचे ‘शिक्षण मला आयुष्यात सुरक्षा देते’ हे शब्दशः भाषांतर पुन्हा इंग्रजीत गेले की मुळाशी तंतोतंत जुळते. मराठीत ते अवघडलेले आहे म्हणूनच जुळते. इंटरनॅशनल टेस्ट कमिशनच्या चाचण्यांच्या भाषांतर-रूपांतरासाठीची, 2017 च्या दुसऱ्या आवृत्तीतील 18 मार्गदर्शक तत्त्वे वाचली, तर भाषांतराच्या पुढचे काम किती आहे, याचा अंदाज येतो.

पाचवी पायरी : मुलांसोबत बसणे

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. एका फेरीत आठ ते दहा मुले, प्रत्येकाबरोबर स्वतंत्रपणे सुमारे पाऊण तास आणि अशा किमान दोन फेऱ्या. पहिल्या फेरीनंतर विधाने दुरुस्त करायची आणि दुसऱ्या फेरीत नव्या मुलांवर ती तपासायची. निवड करताना मराठी माध्यम आणि सेमी-इंग्रजी, शहर आणि गाव, सराईतपणे वाचणारी आणि अडखळत वाचणारी अशी सर्व प्रकारची मुले येतील, हे पाहावे. शिक्षकांना मुले निवडायला सांगितली की ते हमखास वर्गातली हुशार मुले पाठवतात. म्हणून हजेरीपटावरून निवड करावी.

छापील सूचनांत पाठ्यपुस्तकांप्रमाणे ‘तुम्ही’ असावे, पण समोर बसून बोलताना ‘तू’ म्हणावे. अन्यथा मूल मुलाखतीला आल्यासारखे ताठ बसते. विधान मोठ्याने वाचायला लावून तीनच गोष्टी विचाराव्यात : हे तुझ्या शब्दांत सांग, उत्तर देताना तुला काय आठवले, आणि याच्या शेजारचा पर्याय का नाही निवडलास? तिसऱ्या प्रश्नाचे मोल फार आहे, कारण मूल श्रेणी कशी वापरते, हे त्यातूनच कळते.

यू-मिक्समध्ये शिक्षणामुळे आयुष्यात सुरक्षित वाटते, अशा आशयाचे विधान आहे. त्याचे ‘शिक्षणामुळे मला सुरक्षित वाटते’ असे रूप घेऊन बसलात आणि एखाद्या मुलीने ‘हो, शाळेत सीसीटीव्ही आहेत आणि मॅडम बस येईपर्यंत थांबतात’ असे सांगितले, तर तिचे काहीच चुकलेले नाही. तिच्यासाठी ‘सुरक्षित’ याचा अर्थ तोच आहे. दुसरा मुलगा म्हणेल, ‘डिप्लोमा झाला की नोकरी नक्की.’ मूळ विधानाला मात्र मनाचा आधार अभिप्रेत आहे. मग ‘मी जे शिकतो आहे त्याचा मला आयुष्यात आधार वाटतो’ असे काही रूप पुढच्या फेरीत तपासावे लागते, आणि त्यात पुन्हा ‘शिकतो आहे / शिकते आहे’ येते, म्हणून ‘माझ्या शिक्षणाचा मला आयुष्यात आधार वाटतो’ इथपर्यंत यावे लागते. एका विधानावर इतका वेळ जातो, हे गृहीत धरावे. तीन-चार मुलांनी एकाच ठिकाणी वेगळा अर्थ लावला तर विधान बदलावे. एकाच मुलाचे काही वेगळे निघाले तर नोंद करून पुढे जावे.

गडचिरोली, मेळघाट किंवा नंदुरबार येथे काम करणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या घरांतील मुलांसाठी मराठी ही शाळेची भाषा आहे आणि स्वतःबद्दल बोलण्याची भाषा दुसरीच आहे. तेथे त्या भाषेचा जाणकार सोबत नसताना घेतलेल्या मुलाखतींतून फारसे काही हाती लागत नाही. परदेशातील मराठी मुलांबाबत प्रश्न उलटा आहे. आठवड्यातून एकदा मराठी शाळेत जाणारे अमेरिकेतील मूल घरी मराठी छान बोलते, पण देवनागरी सावकाश वाचते. त्याला मराठी प्रश्नावली दिली तर आपण त्याचे वाचन मोजू. त्याच्यासाठी इंग्रजी आवृत्तीच योग्य.

सहावी पायरी : वर्गात भरून घेणे

आधी तीस-चाळीस मुलांवर प्रायोगिक फेरी घ्यावी. वर्गात कागद वाटले की पहिला प्रश्न येतो : ‘सर, याचे मार्क धरणार का?’ मुले प्रश्नावलीला पेपर समजतात, बाकावरच्या शेजाऱ्याचे पाहतात आणि वरच्या कोपऱ्यात सवयीने नाव व हजेरी क्रमांक लिहितात. म्हणून ‘येथे बरोबर किंवा चूक असे उत्तर नाही’ हे छापण्याखेरीज तोंडी सांगावे, एका बाकावर एकच मूल बसवावे आणि वर्गशिक्षकांना नम्रपणे बाहेर थांबण्याची विनंती करावी. शिक्षक फेऱ्या मारत असले की शिक्षणाबद्दलची सगळी विधाने सगळ्यांना पूर्ण पटतात.

आयडासारख्या साधनातील काही विधाने मनातल्या दुखऱ्या जागेला हात घालतात. भरून झाल्यावर कोणी गप्प झाले किंवा रडू लागले तर काय करायचे, हे आधी ठरलेले असावे. शाळेच्या समुपदेशकांशी पूर्वीच बोलून ठेवावे आणि प्रत्येक मुलाला देण्याच्या चिठ्ठीवर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक छापावा.

सातवी पायरी : आकडेवारी

मुख्य नमुना प्रायोगिक फेरीपेक्षा वेगळ्या मुलांचा घ्यावा. तीनशेच्या खाली गेल्यास पुढची तपासणी डळमळीत होते आणि गटांची तुलना करायची असल्यास प्रत्येक गटात किमान दोनशे मुले असावीत. घटकरचना मूळ लेखकांनी आधीच सांगितलेली असल्यामुळे पुष्टीकारक घटक विश्लेषण करावे, म्हणजे तीच रचना आपल्या मुलांच्या उत्तरांत टिकते का ते तपासावे. ‘आपल्याकडे कोणते घटक निघतात ते पाहू’ म्हणून सुरुवातीलाच शोधक विश्लेषण करण्याची सवय वाईट आहे; मूळ रचना मोडली तरच त्याकडे वळावे. पाच पायऱ्यांची श्रेणी क्रमवाचक असते, म्हणून तिला साजेशी अनुमानपद्धत (आकडे काढण्याची रीत) निवडावी. आर या संगणकभाषेतील लावान, तसेच जास्प आणि जामोवी ही मोफत साधने या कामाला पुरतात. रचना मुलांच्या उत्तरांशी किती जुळते हे सांगणाऱ्या आकड्यांपैकी सीएफआय 0.95 च्या आसपास आणि आरएमएसईए 0.06 च्या जवळपास असावा, हे हू आणि बेंटलर यांचे 1999 चे निकष दिशादर्शक म्हणून घ्यावेत. त्यांना दहावीच्या उत्तीर्ण गुणांसारखे वापरू नये.

अल्फाबद्दल थोडे. पाच विधाने ‘शिक्षणामुळे मला…’ अशा एकाच सुरुवातीची झाली की मुले ती एकाच ओघात भरतात आणि अल्फा फुगतो. उंच अल्फा म्हणजे चांगले भाषांतर, ही समजूत म्हणून फसवी आहे. अल्फासारखाच ओमेगा हा विश्वसनीयतेचा आकडाही द्यावा, दोन ते चार आठवड्यांनी काही मुलांकडून पुन्हा भरून घ्यावे आणि एकेका विधानाचा घटकाशी असलेला संबंध पाहावा. रोझेनबर्ग यांची 1965 ची दहा विधानांची स्वाभिमान श्रेणी जगभर वापरली जाते, तरीही ‘स्वतःबद्दल अधिक आदर वाटायला हवा होता’ अशा आशयाचे तिचे आठवे विधान अनेक भाषांत इतर विधानांशी नीट जुळत नाही. स्वतःबद्दल अधिक आदराची इच्छा असणे ही काही समाजांत उणीव न ठरता चांगली महत्त्वाकांक्षा ठरते. तीच श्रेणी तुम्ही सप्रमाणता (प्रश्नावली जे मोजायचे तेच मोजते का) तपासण्यासाठी वापरणार असाल, तर हे आधी माहीत असावे.

यानंतर मापन-समतुल्यता, म्हणजे प्रश्नावली वेगवेगळ्या गटांत एकच गोष्ट सारख्याच रीतीने मोजते का. मुलगे आणि मुली, मराठी माध्यम आणि सेमी-इंग्रजी अशा गटांत प्रथम रचना सारखी आहे का, मग विधानांचे घटकभार (विधान घटकाशी किती घट्ट जोडलेले आहे) सारखे आहेत का आणि शेवटी विधानांचे आरंभबिंदू (घटकाची पातळी सारखी असताना विधानाला मिळणारे गुण) सारखे आहेत का, असे तीन टप्पे क्रमाने तपासावेत. प्रत्येक टप्प्याला सीएफआय 0.01 पेक्षा अधिक घसरला तर थांबून कोणते विधान बिघडते आहे ते शोधावे. दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचलात तर गटागटांत चलांचे परस्परसंबंध ताडून पाहता येतात. सरासरींची तुलना तिसरा टप्पा किमान अंशतः पार झाल्याखेरीज करू नये. बिघडलेले विधान दिसले की मुलाखतींच्या नोंदी उघडाव्यात. पुष्कळदा कारण तेथे आधीच लिहिलेले सापडते.

परदेशी नमुन्याशी तुलना करण्याचा मोह सर्वांना होतो. प्रसिद्ध झालेल्या लेखातली इटलीची सरासरी घेऊन तिच्याशी आपल्या सरासरीची टी-चाचणी करणे ही तुलना नव्हे. तिकडची मूळ विदा मिळवून दोन्ही नमुन्यांवर वरचे तीन टप्पे एकत्र करावे लागतात. शिवाय मुले स्वतःला आपल्या आसपासच्या मुलांशी ताडून उत्तरे देतात. लातूरची मुलगी स्वतःला ठाम म्हणते ती लातूरच्या मैत्रिणींच्या तुलनेत. तसेच आयडाची स्विस नमुन्यावर बेतलेली मर्यादारेषा वापरून येथील एखाद्या मुलाचे स्वत्व ‘विसकळीत’ असल्याचा शेरा शाळेला कळवणे पूर्णपणे चुकीचे आहे. येथील मानके तयार होईपर्यंत अशी आवृत्ती संशोधनापुरतीच वापरावी.

आठवी पायरी : नोंद आणि हस्तांतर

प्रत्येक छापील प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक व तारीख असावी, कारण मुलाखतींच्या फेऱ्यांत चार-पाच मसुदे तयार होतात आणि झेरॉक्सवाल्याकडे हमखास जुना जातो. अंतिम मराठी आवृत्ती, निर्णयांचा तक्ता आणि विश्लेषणाची आज्ञावली मूळ लेखकांना पाठवावी आणि त्यांच्या परवानगीने विद्यापीठाच्या संग्रहात ठेवावी, म्हणजे पुढचा विद्यार्थी तेच काम पहिल्यापासून करत बसणार नाही. वगळलेली विधाने आणि वगळण्याची कारणे परिशिष्टात न दडवता पद्धतीच्या प्रकरणात द्यावीत. पहिल्या पानावर आवृत्तीची व्याप्ती स्पष्ट लिहावी : कोणत्या वयाची मुले, कोणते जिल्हे, कोणत्या माध्यमाच्या शाळा, आणि ज्यांच्यावर ती तपासलेली नाही असे गट कोणते.